एका धर्मग्रामस्थाची सेवा : न्यूयॉर्कचे वंदनीय पिएर तूसँ

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं देवळाचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे प्रथम धर्मगुरूंची नामावळी डोळ्यांपुढें येते. कोणत्या फादरांनीं पाया घातला, कोणीं मनोरा उभारला, कोणाच्या कारकीर्दींत शाळा निघाली, कोणत्या बिशपांनीं वेदीला अभिषेक केला, हें सर्व जुन्या वह्यांतून सांपडतें. आणि तें कृतज्ञतेनें लिहून ठेवणें योग्यच आहे. परंतु धर्मगुरु येतात आणि बदलून जातात. देवळांत जो कायम राहतो तो बाकावर बसणारा साधा ख्रिस्ती मनुष्य होय. पहाटेच्या मिस्सेला तोच हजर असतो. पावसाळ्यांत कौलें गळूं लागलीं म्हणजे वर्दी देणारा तोच. कोणाच्या घरीं अखेरचें दुखणें आलें म्हणजे रात्रीं कंदील घेऊन फादरांस बोलावून आणणाराही तोच. त्याचें नांव बाप्तिस्म्याच्या वहींत एकदां, लग्नाच्या वहींत एकदां व मरणाच्या वहींत एकदां लिहिलें जातें. मधल्या साठ-सत्तर वर्षांत त्यानें देवळासाठीं काय केलें, याची नोंद बहुधा कोठेंच नसते.

म्हणून या स्मरणिकेंत धर्मगुरूंच्या स्मरणाशेजारीं बाकावरच्या एका मनुष्याचें चरित्र वाचकांपुढें ठेवावें असें आम्हांस वाटलें. हा मनुष्य आपल्या मुलखांतला नव्हे. तो आफ्रिकन वंशाचा, जन्मानें गुलाम, धंद्यानें केशरचना करणारा, आणि त्याचें देऊळ अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहरांत. तरीही आम्हीं त्यालाच निवडलें, त्याला कारण आहे. सामान्य धर्मग्रामस्थाची सेवा कागदावर उरत नाहीं. या एका मनुष्याची मात्र उरली. त्याला आलेलीं शेंकडों पत्रें जपून राहिलीं, मरणानंतर वर्षभरांतच त्याचें चरित्र छापलें गेलें, आणि पुढें खुद्द पवित्र सभेनें त्याच्या आयुष्याची कसून चौकशी केली. आपल्याकडील जे असंख्य सेवक विस्मृतींत गेले, त्यांच्या आयुष्याचा अर्थ या एका चरित्रावरून आपणांस उमगेल, अशी आमची आशा आहे.

कॅरिबियन समुद्रांत हिस्पॅनिओला नांवाचें एक बेट आहे. त्याच्या पश्चिम भागास आज हैती म्हणतात. तेव्हां ती सँ-दोमँग नांवाची फ्रेंच वसाहत होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस साखर व कॉफी यांच्या पिकामुळें तिच्याएवढी धनाढ्य वसाहत क्वचितच दुसरी असेल; परंतु तें धन आफ्रिकेंतून जहाजांत कोंबून आणलेल्या गुलामांच्या रक्ताचें होतें. १७८९ च्या सुमारास तेथील गुलामांची संख्या पांच लाखांच्या जवळपास गेली होती. सँ-मार्क गांवाजवळ बेरार नांवाच्या जमीनदाराच्या मळ्यावर पिएरचा जन्म झाला. जुने चरित्रकार जन्मसाल १७६६ देतात. अलीकडील कांहीं अभ्यासक तें १७८१ च्या आसपास धरतात. त्याची आजी झेनोबी व आई उर्सुल या दोघीही मालकाच्या घरांत राबणाऱ्या गुलाम होत्या. उंसाच्या शेतांत चाबकाखालीं पिचणाऱ्यांच्या मानानें घरकामाच्या गुलामांचे हाल कांहींसे कमी असत. शिवाय बेरार कुटुंबानें या मुलाला लिहिणें-वाचणें शिकूं दिलें. हीं दोन अक्षरें पुढें त्याच्या किती उपयोगीं पडलीं तें दिसेलच. ‘तूसँ’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘सर्व संतांचा सण’ असा आहे, हेंही येथें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

जुन्या गणतीप्रमाणें १७८७ सालीं धनी जाँ बेरार पत्नीसह न्यूयॉर्कला राहावयास गेले, आणि आपल्याबरोबर पिएर, त्याची बहीण रोझाली व आणखी कांहीं गुलाम घेऊन गेले. ज्या शहरीं हा तरुण उतरला तेथें कॅथलिक धर्माची स्थिति कशी होती, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. १७०० सालच्या कायद्यानें न्यूयॉर्क प्रांतांत कॅथलिक धर्मगुरूंस येण्याचीच बंदी होती. तो कायदा १७८४ सालीं रद्द झाला. लगेच मूठभर कॅथलिकांनीं बार्क्ले स्ट्रीटवर जागा मिळवून संत पीटरच्या नांवानें देऊळ बांधावयास घेतलें. ५ ऑक्टोबर १७८५ रोजीं स्पेनचे वकील दों दिएगो दे गार्दोकी यांच्या हस्तें कोनशिला बसली. स्पेनच्या राजानें १००० डॉलरची देणगी दिली. आणि ४ नोव्हेंबर १७८६ रोजीं तेथें पहिली मिस्सा झाली. न्यूयॉर्क राज्यांतील हा पहिला कॅथलिक धर्मग्राम.

पण हा धर्मग्राम सुखासुखी वाढला असें मात्र कोणी समजूं नये. अगदीं आरंभींच फादर चार्ल्स व्हेलन व फादर अँड्र्यू न्यूजंट या दोन धर्मगुरूंच्या पाठीराख्यांत तट पडले आणि भांडण चव्हाट्यावर आलें. पुढें १८०६ सालीं नाताळच्या आदल्या रात्रीं कॅथलिकांचा द्वेष करणाऱ्या लोकांचा जमाव या देवळाभोंवतीं जमला, आणि त्यांतून उसळलेल्या दंगलींत शहराचा एक पहारेकरी मारला गेला. आंतून तंटा, बाहेरून द्वेष, आणि वर कर्जाचें ओझें, अशा स्थितींतलें तें देऊळ. त्याच देवळांत १८०५ सालीं एलिझाबेथ सेटन नांवाच्या एका विधवेनें कॅथलिक धर्माचा स्वीकार केला. अमेरिकेंत जन्मलेली ती पहिली संत म्हणून १९७५ सालीं घोषित झाली. आणि त्याच देवळांत, पहाटे सहाच्या मिस्सेला, हा काळा गुलाम दररोज येऊन गुडघे टेकूं लागला.

न्यूयॉर्कला आल्यावर धन्यानें पिएरला एका केशरचनाकाराच्या हाताखालीं काम शिकावयास ठेवलें. त्या काळच्या श्रीमंत स्त्रियांची केशभूषा म्हणजे तासन्‌तास चालणारें काम असे. पिएरच्या बोटांत कसब होतें. थोड्याच दिवसांत शहरांतील मोठमोठ्या घरांतून त्याला बोलावणीं येऊं लागलीं. इकडे सँ-दोमँगमध्यें १७९१ सालीं गुलामांचें प्रचंड बंड झालें. मिळकत वांचविण्यासाठीं परत गेलेले जाँ बेरार तिकडेच वारले, मळा गेला, आणि न्यूयॉर्कच्या पेढींत ठेवलेला पैसाही बुडाला. कालपर्यंत ऐश्वर्यांत वाढलेली तरुण विधवा परक्या शहरांत कर्जबाजारी झाली. त्या दिवसापासून घर चालविलें तें त्या घरच्या गुलामानें. एकदां बाईनें देणेकऱ्याचे पैसे भागविण्यासाठीं आपले दागिने विकावयास त्याच्या हातीं दिले. त्यानें स्वतःच्या कमाईंतून कर्ज फेडलें आणि दागिने जसेच्या तसे तिला परत आणून दिले. पुढें तिनें पुनर्विवाह केला, तरी संसाराचा भार मुख्यतः तूसँ यांच्याच कमाईवर राहिला. अखेर २ जुलै १८०७ रोजीं, आपला अंतकाळ जवळ आलेला पाहून, तिनें त्यांना कायदेशीर रीतीनें गुलामींतून मुक्त केलें.

येथें वाचकांच्या मनांत एक शंका येईल, आणि ती यावी अशीच आमची इच्छा आहे. ज्याला पैसा मिळत होता त्यानें आपलें स्वातंत्र्य आधीं कां मिळविलें नाहीं? धनिणीला पोसणारा हा गुलाम लाचार तर नव्हता? ही शंका आजची नाहीं. त्यांना संतपद मिळावें अशी चळवळ जेव्हां जोरांत आली, तेव्हां अमेरिकेंतील कांहीं कृष्णवर्णीय कॅथलिकांनींच हा आक्षेप घेतला. असा मुकाट सोसणारा मनुष्य आमच्या मुलांपुढें आदर्श म्हणून कां ठेवतां, असें त्यांनीं विचारलें. हा आक्षेप हलका समजूं नये. गुलामगिरी हें घोर पातक होतें, आणि कोणाच्या भल्या वागण्यानें तें धुऊन निघत नाहीं. परंतु तूसँ यांनीं आपल्या पैशाचें काय केलें, तेंही पाहिलें पाहिजे. त्यांनीं बहीण रोझालीचें स्वातंत्र्य विकत घेतलें. जुलिएत नोएल या तरुणीचें स्वातंत्र्य त्यांनीं विकत घेतलें, आणि ५ ऑगस्ट १८११ रोजीं संत पीटरच्या देवळांत तिच्याशीं लग्न केलें. पुढेंही कित्येक गुलामांच्या सुटकेसाठीं त्यांनीं पैसे मोजले. जो मनुष्य दुसऱ्यांच्या बेड्या पैसे मोजून तोडतो, त्याला बेडी प्रिय होती असें म्हणतां येणार नाहीं. त्यांची करुणा पायरी पाहून वाहत नव्हती, एवढेंच खरें; खालच्याला जशी मिळाली तशी ती वरून खालीं पडलेल्या धनिणीलाही मिळाली.

आतां त्यांच्या देवळाच्या सेवेकडे वळूं. जुने चरित्रकार सांगतात कीं, सहासष्ट वर्षें त्यांनीं पहाटे सहाची मिस्सा चुकविली नाहीं. अलीकडील अभ्यासकांप्रमाणें त्यांतील कांहीं वर्षें वजा केलीं, तरी अर्ध्या शतकाहून अधिक काळ उरतोच. आणि अर्धें शतक दररोज पहाटे उठून देवळांत जाणें म्हणजे काय, हें ज्यानें एक चाळीस दिवसांचा उपवासकाळ तसा पाळून पाहिला आहे त्यालाच कळेल. मिस्सा आटोपली कीं हत्यारांची पेटी घेऊन ते कामाला निघत. शहरांतील सार्वजनिक गाड्यांत काळ्या मनुष्याला बसूं देत नसत. म्हणून या घरून त्या घरीं सारा दिवस पायींच. न्यूयॉर्कचा हिवाळा म्हणजे गुडघाभर बर्फ. उतारवयांतही हें पायीं हिंडणें चुकलें नाहीं.

आपल्याकडे गांवांतली बातमी न्हाव्याला आधीं कळते असें म्हणतात. तूसँ यांना तर शहरांतील पहिल्या प्रतीच्या कुटुंबांचीं गुपितें ठाऊक होतीं. केस विंचरून घेतांना स्त्रिया त्यांच्यापाशीं आपलीं सुखदुःखें बोलत. परंतु एका घरची गोष्ट त्यांनीं दुसऱ्या घरीं कधींही नेली नाहीं. कोणी खोदून विचारलें तर आपण केस विंचरतों, वर्तमानपत्र चालवीत नाहीं, अशा अर्थाचें हंसत उत्तर देऊन ते मोकळे होत. हा गुण आम्हीं मुद्दाम सांगतों. कुटाळकी ही धर्मग्रामाला लागलेली जुनी वाळवी आहे. ती जेथें लागते तेथें मोठमोठे मंडप पोखरून जातात. आणि ज्याच्या जिभेला लगाम आहे असा एक मनुष्य बाकावर असला, तर तुटलेलीं दहा घरें पुन्हां जोडलीं जातात.

या विश्वासाचा उपयोग त्यांनीं देवळाच्या व गरिबांच्या कामीं करून घेतला. १८१७ सालीं मदर सेटन यांच्या सिस्टर्स ऑफ चॅरिटी न्यूयॉर्कला आल्या आणि त्यांनीं प्रिन्स स्ट्रीटवर अनाथाश्रम चालविला. त्या आश्रमासाठीं वर्गणी जमविण्याचें काम तूसँ वर्षानुवर्षें करीत. त्यांचीं बहुतेक गिऱ्हाइकें प्रॉटेस्टंट. कॅथलिक म्हटलें कीं कपाळाला आठ्या घालणारीं तीं कुटुंबें या काळ्या कॅथलिकाच्या हातावर पैसे ठेवीत, कारण पैसा कोठें जातो याविषयीं कोणाच्या मनांत शंका नव्हती. आणि हें लक्षांत घ्या कीं, तो अनाथाश्रम गोऱ्या मुलांचा होता. त्यांच्या स्वतःच्या वंशाच्या मुलांना तेथें जागा नव्हती. म्हणून तूसँ व जुलिएत यांनीं स्वतःच्या घरालाच आश्रम केलें. बेवारस काळीं मुलें त्यांच्या घरीं राहत, शिकत, धंद्याला लागत, आणि तीं गेलीं कीं दुसरीं येत. बाल्टिमोर येथें १८२९ सालीं कृष्णवर्णीय धर्मभगिनींचा ऑब्लेट सिस्टर्स ऑफ प्रॉव्हिडन्स हा संघ निघाला. त्यालाही या दांपत्याचा आधार होता. हैतीहून पळून आलेलीं कुटुंबें, फ्रेंच निर्वासित, आयर्लंडचे गरीब, ज्यांना त्या शहरांत कोणी ओळखीचें नसे, ते सर्व तूसँ यांचें दार ठोठावीत. कोणाला काम हवें असे, कोणाला उसने पैसे, कोणाला पत्र लिहून हवें असे. लहानपणीं शिकलेलीं तीं अक्षरें आतां अशीं कामीं आलीं.

शहरांत पीतज्वराची साथ आली म्हणजे लोक घरेंदारें टाकून पळत आणि रोगाचे रस्ते अडसर घालून बंद करण्यांत येत. अशाच एका साथींत मेडन लेन नांवाचा रस्ता ओस पडला असतां, तेथील एका घरांत एक गरीब स्त्री एकटी तापानें पडून होती. तूसँ दररोज तो अडसर ओलांडून आंत जात आणि तिची शुश्रूषा करीत. १८९६ पासून मुंबई व आसपासच्या मुलखांत प्लेग माजला, तेव्हां आपल्या पूर्वजांनीं गांवोगांवीं क्रूस उभारले. त्यांतले कित्येक आजही वाटेवर उभे आहेत आणि आपण त्यांच्यापुढें मेणबत्ती लावतों. त्या क्रूसांकडे पाहतांना, अशा वेळीं दुसऱ्याच्या घरीं पाणी घेऊन जाणाऱ्या नांव नसलेल्या माणसांचीही आठवण आपणांस झाली पाहिजे.

तूसँ दांपत्याला स्वतःचें मूल झालें नाहीं. बहीण रोझाली क्षयानें वारली, तेव्हां तिची तान्ही मुलगी युफेमी त्यांनीं आपली म्हणून वाढविली. पोर इतकी नाजूक होती कीं ती जगेल अशी कोणाला आशा नव्हती. मामा तिला मोकळ्या हवेंत फिरावयास नेई, फ्रेंच व संगीत शिकवी, आणि अनाथ मुलांसाठीं खाऊ तिच्याच हातांनीं पाठवी, म्हणजे देण्याची संवय लहानपणींच लागावी. ती मामाला दर आठवड्याला एक पत्र लिहीत असे; तीं बालपणचीं पत्रें इतर कागदांबरोबर न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयांत जतन करण्यांत आलीं. १८२९ सालीं, चौदाव्या वर्षाच्या सुमारास, तीही क्षयानेंच गेली. कित्येक दिवस मामाच्या तोंडून शब्द फुटत नसे. परंतु पहाटेच्या मिस्सेची जागा रिकामी राहिली नाहीं, आणि घरांतलीं परकीं पोरकीं मुलेंही उपाशीं राहिलीं नाहींत.

१८३५ च्या डिसेंबरांत न्यूयॉर्कला भयंकर आग लागली. सुमारें सातशें इमारती जळाल्या. तूसँ यांची आयुष्याची शिल्लक ज्या व्यवहारांत गुंतली होती तिचा मोठा भाग त्या आगींत गेला. त्यांच्यासाठीं वर्गणी करावी असें स्नेह्यांनीं ठरविलें, तेव्हां आपल्यापेक्षां अधिक गरजू लोक आहेत असें सांगून त्यांनीं ती थांबविली. कोणी एकदां त्यांना विचारलें कीं, आपणांस पुरेसें मिळालें आहे, आतां काम कां सोडीत नाहीं? त्यांच्या उत्तराचा भाव असा होता कीं, माझ्यापुरतें माझ्यापाशीं आहे. पण मी काम सोडलें तर इतरांपुरतें उरणार नाहीं.

आतां एक प्रसंग सांगावयाचा आहे, जो सांगतांना कोणत्याही कॅथलिकाची मान खालीं जाईल. न्यूयॉर्क शहराचें पहिलें कॅथेड्रल, संत पॅट्रिकचें देऊळ, १८०९ सालीं बांधावयास घेतलें आणि १८१५ सालीं पुरें झालें. त्याच्या उभारणीसाठीं तूसँ यांनीं स्वतःचे पैसे दिले व इतरांकडून मिळविले. त्याच देवळाच्या दाराशीं १८४२ सालीं, जागा दाखविण्यास नेमलेल्या मनुष्यानें, त्यांच्या कातडीचा रंग पाहून त्यांना आंत येऊं दिलें नाहीं. ज्या भिंतींत त्यांच्या घामाचे पैसे होते, त्याच भिंतींनीं त्यांना बाहेर ठेवलें. गोष्ट वरिष्ठांच्या कानीं गेली. विश्वस्तमंडळाचे अध्यक्ष लुई बँस यांनीं त्यांना पत्र लिहून क्षमा मागितली. तें पत्र मनापासूनचें होतें यांत संशय नाहीं. परंतु त्यांतही काळ्या कातडीच्या आंत आपलें अंतःकरण शुभ्र आहे, अशा भावाचें समाधान केलें होतें. म्हणजे क्षमा मागणाऱ्या सज्जनाच्या मनांतूनही रंगाचा उच्चनीचपणा गेला नव्हता!

तूसँ यांनीं काय केलें? त्यांनीं धर्म सोडला नाहीं, वर्गणी थांबविली नाहीं, आणि बार्क्ले स्ट्रीटच्या आपल्या देवळांत पूर्वीप्रमाणेंच दररोज येत राहिले. कोणी याला दुबळेपणा म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. देऊळ हें दारावरच्या मनुष्याचें नव्हे, विश्वस्तांचें नव्हे. तें वेदीवरील प्रभूचें आहे, आणि तेथें आपली जागा कोणाच्या मेहेरबानीवर नाहीं, हें ज्याला पुरतें ठाऊक असतें तोच असा राहूं शकतो. ज्यानें त्यांना अडविलें त्याचें नांव कोणी आठवीत नाहीं.

हा प्रसंग सातासमुद्रांपलीकडचा म्हणून आपण सुटलों असें कोणी मानूं नये. आपल्या हिंदुस्थानांतही देवळांत जातीजातींच्या जागा वेगळ्या ठेवल्याचा लांच्छनास्पद इतिहास आहे. तामिळ मुलखांतील वडक्कनकुळम् येथील देवळांत तर जातींना वेगळें करणारी भिंतच होती. ती १९१० सालीं पाडण्यांत आली. विटांची भिंत पाडतां येते. मनांतली पाडावयाला अधिक श्रम पडतात. ज्युबिलीच्या वर्षीं प्रत्येकानें आपल्या मनाला विचारावें कीं, आपल्या धर्मग्रामांत नवें आलेलें कुटुंब, दुसरी बोली बोलणारा मजूर, कामाला येणारी बाई, यांना आपल्या बाकावर आपण सरकून जागा देतों काय?

संत पीटरचें जुनें देऊळ १८३६ सालीं पाडून त्या जागीं दगडी खांबांचें नवें देऊळ उभारण्यांत आलें. तूसँ जुन्यांत तरुणपणीं बसले, नव्यांत म्हातारपणीं बसले. धर्मगुरु बदलले, इमारत बदलली, शहर बदललें, १८२७ सालीं न्यूयॉर्क राज्यांतून गुलामगिरीही गेली. पहाटे सहाला येणारा मनुष्य मात्र तोच. १८५१ सालीं जुलिएत वारली. ३० जून १८५३ रोजीं तूसँ यांनींही शांतपणें प्राण सोडला. संत पीटरच्या देवळांत त्यांच्या अंत्यविधीला गोरे व काळे, श्रीमंत व भिकारी, कॅथलिक व प्रॉटेस्टंट अशी गर्दी लोटली. फादर विल्यम क्विन यांनीं प्रवचनांत जें सांगितलें त्याचा आशय असा होता कीं, धर्मनिष्ठेंत या मनुष्याच्या वरचढ असे धर्मगुरूंतही थोडे, आणि प्रापंचिकांत तर कोणीच नाहीं. धर्मग्रामाच्या मुख्यानें आपल्या वर्गावर असें माप लावून सामान्य मनुष्याला मान द्यावा, याहून मोठें मानपत्र कोणतें?

त्यांना जुन्या संत पॅट्रिकच्या, म्हणजे ज्या देवळानें त्यांना दाराशीं अडविलें होतें त्याच देवळाच्या, दफनभूमींत पत्नी व युफेमी यांच्या शेजारीं पुरलें. १८५४ सालीं हॅना ली या प्रॉटेस्टंट बाईनें त्यांचें चरित्र प्रसिद्ध केलें. पुढें मात्र लोक त्यांना विसरले. १९४१ सालीं त्यांची विस्मृत कबर पुन्हां शोधून काढण्यांत आली. १९५१ सालीं कार्डिनल स्पेलमन यांनीं तेथील स्मारकलेखाला आशीर्वाद दिला. १९९० सालीं त्यांच्या अस्थि फिफ्थ ॲव्हेन्यूवरील संत पॅट्रिकच्या मोठ्या कॅथेड्रलांत, वेदीखालील तळघरांत, आर्चबिशप व कार्डिनल यांच्या शेजारीं ठेवण्यांत आल्या; तेथें जागा मिळालेला हा पहिला प्रापंचिक मनुष्य. १७ डिसेंबर १९९६ रोजीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं त्यांना ‘वंदनीय’ घोषित केलें. ज्याला दारांत थांबविलें त्याला वेदीखालीं नेलें. प्रभु आपला हिशेब असा पुरा करतो.

बार्क्ले स्ट्रीटवरील तें दगडी देऊळ अद्याप उभें आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजीं त्याच्या अगदीं शेजारचे उंच मनोरे जेव्हां कोसळले, तेव्हां अग्निशामक दलाचे धर्मगुरु फादर मायकल जज यांचा मृतदेह लोकांनीं उचलून याच देवळांत आणला आणि वेदीपुढें ठेवला. संकटाच्या वेळीं उघडें असणारें देऊळ हा त्या धर्मग्रामाचा जुना वारसा. आणि तो ज्यांनीं घडविला त्यांत एका गुलामाचे गुडघेही होते.

वाचकहो, आपल्या देवळाच्या इतिहासांतही असे तूसँ होऊन गेले आहेत. आपल्यांतील वडीलधाऱ्यांस विचारा, ते सांगतील. पहाटे घंटा वाजवितांना ज्याच्या तळहाताला घट्टे पडले तो. मुलांना ओसरीवर बसवून जपमाळ व धर्मपाठ शिकविणारी ती विधवा. दर शुक्रवारीं आजाऱ्यांच्या घरीं जाऊन बसणारे ते आजोबा. स्वतःच्या शेतांतलें पहिलें भात वेदीवर आणून ठेवणारें तें कुटुंब. त्यांची नांवें आपल्या वह्यांत नाहींत. म्हणून आमची प्रत्येक घरास नम्र विनंति आहे कीं, या ज्युबिलीच्या वर्षीं आपल्या वडिलांनीं, आजांनीं, पणजांनीं या देवळासाठीं जें केलें असेल तें आठवून लिहून काढावें व तो कागद धर्मगुरूंच्या स्वाधीन करावा. शंभराव्या वर्षीं जे कोणी येथें बसतील त्यांना कळूं द्या कीं, हें देऊळ कोणाच्या खांद्यांवर उभें राहिलें.

आणि लिहिणें ज्यांना साधणार नाहीं त्यांनीं दुसरें एक करावें. उद्यां पहाटेची घंटा होईल तेव्हां उठावें, आणि देवळांत जाऊन आपली जागा घ्यावी. शेजारीं कोणी अनोळखी उभा असेल तर सरकून त्यालाही जागा करून द्यावी. तूसँ यांची सेवा येथूनच सुरू झाली होती. आपल्या धर्मग्रामाच्या ज्ञात-अज्ञात सर्व सेवकांना प्रभु आपल्या उजव्या हातीं विसावा देवो, आणि त्यांच्या जागीं उभें राहण्याची कृपा आम्हां सर्वांना लाभो. आमेन.